आइड्स ऑफ मार्च : १५ मार्च हा दिवस बदनाम कधी झाला आणि कोणी केला?

जुनेपंचांग (धागालेखक)

मार्च उजाडला की 'आइड्स ऑफ मार्चपासून सावध राहा' हे वाक्य इंग्रजी वर्तमानपत्रांत कुठे ना कुठे हमखास वाचायला मिळते. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातले हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात वाचलेले असते आणि त्यावरून आपली अशी समजूत होऊन बसते की रोमन लोक १५ मार्च हा दिवस मुळातच अशुभ मानत असत आणि सीझर त्या अशुभ दिवशी घराबाहेर पडला म्हणून मारला गेला. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. ओव्हिड, स्वेटोनियस, प्लुटार्क आणि मॅक्रोबियस या प्राचीन लेखकांच्या लेखनातले संबंधित भाग ओळीने वाचल्यावर मात्र माझे मत पूर्ण बदलले. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून होईपर्यंत हा दिवस रोममध्ये शुभ होता, आनंदाचा होता, आणि त्याची बदनामी ही नंतर घडवलेली गोष्ट आहे, असे मला वाटते. त्याची कारणे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात शब्दापासून करू. रोमन महिन्यात तीन ठरलेले दिवस असत. पहिला दिवस कॅलेंडे, पाचवा किंवा सातवा दिवस नोने, आणि तेरावा किंवा पंधरावा दिवस ईदुस. या ईदुसचेच इंग्रजीत आइड्स झाले. फार जुन्या काळी हे तिन्ही दिवस चंद्रावर ठरत. चंद्राची कोर दिसली की एक पुरोहित ती वार्ता देई, मग कॅपिटोल टेकडीवर लोकांना जमवून नोनेला किती दिवस आहेत ते पुकारले जाई, आणि पाच दिवस असतील तर पाच वेळा, सात असतील तर सात वेळा 'मी पुकारतो' असा उच्चार होई. या पुकारण्याच्या लॅटिन क्रियापदावरूनच कॅलेंडे हा शब्द आला. सावकाराच्या व्याजाच्या वहीला त्यावरून 'कॅलेंडारियम' म्हणू लागले आणि आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे नाव त्या वहीवरून पडले.

ईदुस म्हणजे या मांडणीतली पौर्णिमा. शब्दाची व्युत्पत्ती प्राचीनांनीच एट्रुस्कन भाषेपर्यंत मागे नेली आहे. मॅक्रोबियस तिचा अर्थ 'दुभागणे' असाही देतो, म्हणजे महिन्याचे दोन भाग करणारा दिवस. पुढे महिने चंद्रापासून सुटले आणि ईदुस नुसती तारीख उरली, पण तिचे पावित्र्य गेले नाही. प्रत्येक महिन्याचा ईदुस हा ज्युपिटरचा दिवस होता. त्या दिवशी पवित्र रस्त्यावरून एक पांढरी मेंढी मिरवत टेकडीवर नेत आणि ज्युपिटरचा मुख्य पुरोहित तिचा बळी देत असे. आकाशाच्या देवाला ज्या रात्री आकाश सर्वांत उजळ असते तो दिवस दिलेला होता. अशा दिवसाला अशुभ कोण म्हणेल?

मार्चच्या ईदुसला तर याहून मोठा सोहळा असे. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होत असल्यामुळे (सप्टेंबर ते डिसेंबर या नावांत सात ते दहा हे आकडे अजून टिकून आहेत) नव्या वर्षाची ही पहिली पौर्णिमा होती आणि त्या दिवशी अॅना पेरेना या देवीची जत्रा भरे. तिच्या नावातच वर्ष आणि वर्षभर टिकणे हे दोन्ही अर्थ आहेत. तिला बळी देऊन लोक 'हे वर्ष आणि पुढची वर्षे सुखाने जावोत' असे मागणे मागत.

ओव्हिडने या जत्रेचे जे वर्णन केले आहे ते वाचताना आपण तिथे उभे आहोत असे वाटते. टायबर नदीच्या काठी साधी माणसे जोडीजोडीने गवतावर पसरलेली आहेत. काही उघड्यावरच बसली आहेत, काहींनी तंबू ठोकले आहेत, काहींनी फांद्यांची खोपटी केली आहेत, आणि काहींनी बोरू रोवून त्यांवर आपले टोगे (अंगावर गुंडाळायची वस्त्रे) ताणून सावली केली आहे. जितके पेले प्यावेत तितकी वर्षे आयुष्य मिळावे असे मागत माणसे पेले मोजत पितात, नाटकगृहात ऐकलेली गाणी हातवारे करत म्हणतात, केस मोकळे सोडून नाचतात. संध्याकाळी लडखडत परतणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याच्याइतकीच झिंगलेली म्हातारी ओढत नेते आहे, हे त्याने स्वतः वाटेत पाहिलेले दृश्य म्हणून लिहिले आहे.

हे वर्णन सीझरच्या खुनानंतर सुमारे अर्ध्या शतकाने लिहिलेले आहे. पंचांगावरच्या त्या काव्यात १५ मार्चपाशी आल्यावर ओव्हिड जवळजवळ पावणेदोनशे ओळी अॅना पेरेनाला देतो आणि सीझरच्या खुनाला फक्त चौदा. त्याही 'मी हे गाळणारच होतो, पण वेस्टा देवीने मला हटकले' असे सांगून. हे प्रमाण मला फार बोलके वाटते. जाणकारांनी भर घालावी, आणि मी कुठे चुकत असेन तर जरूर दुरुस्त करावे.

अंकमोड

धागा आवडला. ईदुस कधी १३ तारखेला तर कधी १५ तारखेला का येतो, याचा उलगडा तुम्ही केलेला नाही, म्हणून तेवढी भर घालतो, कारण त्यात रोमन कॅलेंडरचा सारा स्वभाव दिसतो.

रोमन लोक महिन्याचे दिवस १, २, ३ असे पुढे मोजत नसत. पुढच्या ठरलेल्या दिवसाला किती उरले ते मागे मोजत असत. शिवाय मोजताना दोन्ही टोके धरत. म्हणून १३ मार्चला ते 'ईदुसच्या आधीचा तिसरा दिवस' म्हणत, जरी आपल्या हिशेबाने मध्ये दोनच दिवसांचे अंतर असले तरी. इंग्रजी पद्धतीत वाढलेल्यांना हे चमत्कारिक वाटते, पण मराठी माणसाला वाटू नये. सात दिवसांच्या कालावधीला आपण 'आठवडा' म्हणतो आणि 'आठ दिवसांनी या' असे सांगितलेला माणूस बरोबर सातव्या दिवशी, त्याच वारी येऊन उभा राहतो. रोममध्येही दर आठ दिवसांनी बाजार भरे आणि त्याचे नाव 'नवव्या दिवसाचा' असे होते. मोजण्याची रीत तीच आहे.

आता १३ आणि १५ यांचा हिशेब. सीझरच्या सुधारणेपूर्वी रोमन वर्ष ३५५ दिवसांचे होते. मार्च, मे, क्विंटिलिस (आताचा जुलै) आणि ऑक्टोबर हे चार महिने ३१ दिवसांचे, फेब्रुवारी २८ दिवसांचा, आणि उरलेले सात महिने २९ दिवसांचे. सम संख्या अशुभ मानत असल्याने ३० दिवसांचा महिनाच नव्हता. मोठ्या महिन्यांत ईदुस १५ तारखेला आणि इतर महिन्यांत १३ तारखेला येई. आता वजाबाकी करून पाहा. ३१ मधून १५ गेले की १६ उरतात, आणि २९ मधून १३ गेले तरीही १६ च उरतात. म्हणजे एक फेब्रुवारी सोडला तर ईदुसनंतर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंतचे अंतर नेहमी सारखेच असे. नोनेपासून ईदुसपर्यंतचे अंतरही ठरलेले आठ दिवसांचे होते. महिना लहानमोठा करायचा तो फक्त सुरुवातीच्या तुकड्यात, नोने पाचव्या किंवा सातव्या दिवशी ठेवून.

सीझरने इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांपर्यंत लांबवून ऋतूंचा मेळ घातला आणि इ.स.पू. ४५ च्या १ जानेवारीपासून ३६५ दिवसांचे वर्ष सुरू केले, तेव्हा वाढीव दिवस त्याने महिन्यांच्या शेवटी घातले. त्यामुळे जानेवारी, ऑगस्ट आणि डिसेंबर हे महिने ३१ दिवसांचे होऊनही त्यांचा ईदुस १३ तारखेलाच राहिला. ईदुसच्या दिवशी ठरलेली पूजा आपल्या जागेवरून हलू नये, याची त्याने घेतलेली ही काळजी होती. ज्या दिवसाने पुढे त्याचा घात केला असे आपण म्हणतो, त्या दिवसाला त्याने स्वतः धक्का लावला नव्हता.

किनाऱ्यावरून

दोन्ही लेखन वाचून बरेच नवे कळले. तरीही एक शंका राहते. रोमन लोक शकुन-अपशकुनावर इतका विश्वास ठेवणारे होते की पक्ष्यांचे उडणे पाहिल्याशिवाय सभा भरवत नसत. त्यांच्याकडे अशुभ दिवसांची यादी असणारच. मग ईदुस त्या यादीत नव्हता हे तुम्ही इतक्या खात्रीने कसे म्हणता? आणि जर तो शुभ दिवस होता, तर त्या ज्योतिषाने सीझरला नेमक्या त्याच दिवसाची भीती का घातली?

जुनेपंचांग

@किनाऱ्यावरून, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि तिचे पहिले उत्तर माझ्या म्हणण्याला बळकटीच देते.

रोमन लोकांकडे अशुभ दिवसांची यादी होती. त्यांना ते 'काळे दिवस' म्हणत. त्या यादीत दर महिन्याच्या कॅलेंडे, नोने आणि ईदुस यांच्या *दुसऱ्या* दिवसांचा समावेश होता. म्हणजे मार्चच्या ईदुसपाशी काळा दिवस १६ तारखेचा. १५ तारीख स्वच्छ. याचे कारणही प्राचीनांनी दिले आहे. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभी गॉल टोळ्यांनी आलिया नदीकाठी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला आणि रोम लुटले. हा कसा काय अनर्थ झाला याची चौकशी सिनेटने केली तेव्हा असे निघाले की लढाईआधीचा बळी सेनानायकाने ईदुसच्या दुसऱ्या दिवशी दिला होता. तेव्हापासून ते 'दुसरे दिवस' धर्मकार्याला वर्ज्य झाले. आलियाच्या लढाईचा दिवस, १८ जुलै, हा तर स्वतंत्रपणे काळा मानला गेला. रोमन पंचांगातला खरा बदनाम दिवस पाहायचा तर तो १८ जुलै आहे, पण त्याच्यावर कोणी नाटक लिहिले नाही म्हणून जगाला तो ठाऊक नाही.

इतर ईदुसही पाहा. कॅपिटोलवरच्या ज्युपिटरच्या महामंदिराची प्रतिष्ठापना १३ सप्टेंबरला, ईदुसलाच झाली होती. अॅव्हेंटाइन टेकडीवरच्या डायानाच्या मंदिराचा उत्सव १३ ऑगस्टला असे. १५ जुलैला घोडेस्वारांचे संचलन निघे. रोमन लोकांना या दिवसाची धास्ती असती तर इतकी शुभकार्ये त्याच दिवसावर ठेवली नसती.

आता ज्योतिषाकडे येतो. शेक्सपिअरने त्याला नाव दिलेले नाही, प्लुटार्कनेही नाही, पण स्वेटोनियस आणि सीझरचा समकालीन वक्ता सिसेरो त्याचे नाव स्पुरिना असे देतात. तो बळीच्या प्राण्याची आतडी पाहून शकुन सांगणारा होता. सीझर सोन्याच्या आसनावर आणि जांभळ्या वस्त्रात पहिल्यांदा बसला त्या दिवशी बळी दिलेल्या बैलाच्या शरीरात काळीजच सापडले नाही, तेव्हा स्पुरिनाने जिवाच्या धोक्याचा इशारा दिला, असे सिसेरो लिहितो. स्वेटोनियसचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. तो असे म्हणतो की 'मार्चच्या ईदुसपलीकडे जाणार नाही अशा संकटापासून' सांभाळ. व्हॅलेरियस मॅक्सिमस तर स्पष्ट सांगतो की इशारा पुढच्या तीस दिवसांचा होता आणि ईदुस हा त्यातला शेवटचा दिवस होता. म्हणजे मूळ इशारा एका तारखेचा नव्हता. तो एका मुदतीचा होता आणि ईदुस ही त्या मुदतीची अखेर होती. त्या दिवशी सकाळी सीझर त्याला म्हणाला, 'ईदुस तर आला,' आणि स्पुरिनाने उत्तर दिले, 'आला खरा, पण अजून सरलेला नाही.' मुदत संपत आली असताना केलेला हा संवाद आहे हे लक्षात घेतले की त्याचा अर्थ बदलतो. प्लुटार्कचा ग्रंथ थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये इंग्रजीत आणला, तो शेक्सपिअरने वाचला, आणि १५९९ च्या नाटकात गर्दीतून आलेल्या एका ओळीत मुदत पूर्णपणे विरघळून तारीख तेवढी उरली.

संहितावाचक

मुदतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याला एक व्यवहारी बाजूही आहे. रोममध्ये कर्जे आणि व्याज चुकते करण्याचे दिवस कॅलेंडे आणि ईदुस हे होते. होरेसच्या एका कवितेतला सावकार ईदुसला सगळा पैसा वसूल करतो आणि पुढच्या कॅलेंडेला पुन्हा व्याजाने लावायला निघतो. 'ईदुसपर्यंत' हे शब्द रोमन कानाला मुदतीचे शब्द म्हणूनच ऐकू येत असणार.

तरीही मला धागालेखकांच्या एका सुराशी पूर्ण सहमत होता येत नाही. कटवाल्यांनी १५ मार्च हा दिवस निवडण्यात काही सूचकता होती असे मला वाटते. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून इ.स.पू. १५४ पर्यंत रोमचे दोन कॉन्सल (दरवर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी) मार्चच्या ईदुसलाच पदभार घेत. स्पेनमधल्या बंडामुळे सेनापती लवकर पाठवण्याची गरज पडली म्हणून इ.स.पू. १५३ पासून हा दिवस १ जानेवारीवर आणला गेला, आणि आपले वर्ष १ जानेवारीला सुरू होण्यामागचा एक धागा तिथपर्यंत जातो. म्हणजे मार्चचा ईदुस हा प्रजासत्ताकात सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा दिवस होता. आपण प्रजासत्ताक परत आणत आहोत असे मानणाऱ्या ब्रुटस आणि कॅसियस या कटाच्या म्होरक्यांच्या मनात ही आठवण नसेल का? शिवाय त्या दिवशी निम्मे शहर नदीकाठी जत्रेत असणार, हेही सोयीचेच होते.

जुनेपंचांग

@संहितावाचक, जत्रेमुळे रस्ते मोकळे मिळाले असतील हे मान्य आहे. परंतु कॉन्सलच्या जुन्या दिवसाचा संबंध मला ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो, कारण त्या प्रथेला तोवर शंभराहून अधिक वर्षे उलटली होती, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे स्वेटोनियसने निवडीची हकिगत दिली आहे. कटवाल्यांत आधी बरीच चर्चा चालली होती. निवडणुकीच्या वेळी मैदानावर मारावे, की पवित्र रस्त्यावर, की नाटकगृहाच्या दारात, असे तीन पर्याय त्यांच्यापुढे होते. तेवढ्यात ईदुसला पॉम्पेच्या सभागृहात सिनेटची बैठक बोलावल्याचे जाहीर झाले आणि त्यांनी तो दिवस आणि ती जागा लगेच पक्की केली. म्हणजे तारीख आली ती बैठकीच्या सूचनेतून.

घाईही होती. सीझर १८ मार्चला पूर्वेकडच्या पार्थिया साम्राज्यावर स्वारीला निघणार होता. एकदा तो आपल्या सैन्यात जाऊन मिसळला की त्याच्या जवळ जाणे शक्य नव्हते. शिवाय पार्थियन लोकांना फक्त राजाच जिंकू शकेल असे भविष्य पवित्र ग्रंथांत असल्याची बोलवा होती आणि सीझरला राजा म्हणावे असा ठराव पुढच्या बैठकीत येणार अशी कुजबुज चालली होती. तीन दिवस उरले असताना माणसे सूचकता शोधत बसत नाहीत.

त्या सकाळचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो पुन्हा सांगत नाही. एकच तपशील मला विसरता येत नाही. साठांहून अधिक लोकांच्या त्या कटात तेवीस वार झाले, आणि अँटिस्टियस या वैद्याने प्रेत तपासून त्यांतला एकच, छातीवरचा दुसरा वार, जीवघेणा होता असे सांगितले. सगळे सिनेटर पळून गेल्यावर प्रेत बराच वेळ तसेच पडून होते. मग तीन गुलामांनी ते पालखीत घालून घरी नेले आणि त्याचा एक हात पालखीबाहेर लोंबत होता. जगाचा स्वामी म्हणवणाऱ्या माणसाला उचलायला चौथा खांदा मिळाला नाही.

संहितावाचक

स्वेटोनियसची ही जागा माझ्या लक्षात नव्हती. निवडीपुरता माझा मुद्दा मागे घेतो. पण निवड योगायोगाने झाली तरी खुनानंतर लगेच ते लोक या दिवसाला अर्थ देऊ लागले, हे आपण मान्य कराल. सिसेरोच्या पत्रांत 'मार्चचा ईदुस' हे शब्द काही महिन्यांतच त्या घटनेचे नाव म्हणून येऊ लागतात. इ.स.पू. ४३ मध्ये ट्रेबोनियसला तो असे लिहितो की ईदुसच्या त्या सुंदर मेजवानीला तुम्ही मला बोलावले असते तर काहीही उष्टे उरले नसते. उष्टे म्हणजे सीझरचा साथीदार मार्क अँटनी, ज्याला ट्रेबोनियसने त्या दिवशी दाराबाहेर बोलण्यात गुंतवून जिवंत ठेवले होते. खुनाला मेजवानी म्हणणारा माणूस त्या दिवसाला अशुभ मानत नव्हता, तो दिवस त्याला सण वाटत होता.

नाणेघाट

सण म्हणून साजरा करण्याचा सर्वांत ठोस पुरावा नाण्यावर आहे. इ.स.पू. ४३-४२ मध्ये ब्रुटस सैन्य घेऊन पूर्वेकडे असताना त्याने चांदीचे दिनार पाडले. नाण्याच्या एका बाजूला ब्रुटसचा स्वतःचा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूला मध्यभागी एक गोलसर टोपी, तिच्या दोन्ही अंगांना खाली टोक केलेले दोन खंजीर, आणि त्यांच्याखाली 'ईद मार' (EID MAR, म्हणजे मार्चचा ईदुस) ही सहा अक्षरांची लॅटिन ओळ आहे. ती टोपी गुलामाला मुक्त करताना त्याच्या डोक्यावर चढवत. निरखून पाहिले तर दोन्ही खंजिरांच्या मुठी एकसारख्या नाहीत, आणि त्या ब्रुटस व कॅसियस या दोघांच्या शस्त्रांच्या असाव्यात असे अनेक अभ्यासक मानतात. प्राचीन इतिहासकारांनी नाण्यांविषयी लिहिणे दुर्मीळ, पण कॅसियस डिओने या नाण्याचे वर्णन आवर्जून केले आहे.

तारखेला नाण्यावर चढवणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. नाण्यावर देव असत, पूर्वज असत, विजय असत. इथे एक दिवस स्वतःच विजय म्हणून उभा आहे. त्यामुळे धागालेखकांच्या शीर्षकात मी थोडी भर घालेन. हा दिवस बदनाम होण्यापूर्वी एका पक्षाने त्याचे नाव उंचावले होते, आणि दुसऱ्या पक्षाने केलेली बदनामी हे त्याला दिलेले उत्तर होते.

या नाण्याची सोन्याची आवृत्ती अत्यंत दुर्मीळ आहे. तिची एक प्रत २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. पुढे तिच्या पूर्वमालकीची कागदपत्रे खोटी असल्याचे उघड झाले आणि २०२३ मध्ये ती ग्रीसला परत करण्यात आली. ज्या प्रदेशात ब्रुटसचा पराभव होऊन त्याने जीव दिला तो फिलिपायचा परिसर आज ग्रीसमध्येच आहे.

जुनेपंचांग

@नाणेघाट, आपली दुरुस्ती मनापासून स्वीकारतो. उत्तर देणाऱ्या पक्षाने काय केले ते स्वेटोनियसच्या एका वाक्यात आहे, आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही तेच आहे. ज्या सभागृहात सीझर मारला गेला ते भिंत घालून बंद करावे, मार्चच्या ईदुसला 'पितृहत्येचा दिवस' म्हणावे, आणि त्या दिवशी सिनेटची बैठक कधीही भरू नये, असे ठरवण्यात आले. या दिवसाच्या बदनामीचा जन्म इथे झाला. ती ठरावाने आली आणि तिला नावही ठरावानेच मिळाले.

ठरावाने दिवस वाईट करणे ही रोममध्ये पुढे पद्धतच पडली. सीझरचा वारस ऑक्टेव्हियन (पुढचा सम्राट ऑगस्टस) याच्याशी हरलेल्या मार्क अँटनीचा वाढदिवस १४ जानेवारीला येई, तर तो दिवस 'सदोष' म्हणून पंचांगात नोंदवला गेला आणि ती नोंद दगडी पंचांगांच्या अवशेषांत वाचता येते. ईदुसच्या बाबतीत प्रकरण कागदावर थांबले नाही. इ.स.पू. ४० मध्ये पेरुसिया शहर पडल्यावर ऑक्टेव्हियनने शरण आलेल्यांपैकी तीनशे प्रतिष्ठितांना मार्चच्या ईदुसला, देवत्व दिलेल्या सीझरच्या वेदीपुढे बळी दिल्याचे काही लेखक सांगतात, असे स्वेटोनियस नोंदवतो. पांढऱ्या मेंढीच्या दिवशी माणसे मारली गेल्याची ही कथा खरी असो वा शत्रूंनी पसरवलेली असो, चारच वर्षांत त्या तारखेचे काय झाले होते ते तिच्यातून कळते.

मेंढीवरून एक गोष्ट राहून गेली. दर ईदुसला तो बळी देणारा ज्युपिटरचा पुरोहित इ.स.पू. ४४ मध्ये अस्तित्वात नव्हता. ते पद इ.स.पू. ८७ पासून रिकामे होते आणि पुढे ऑगस्टसच्या काळापर्यंत रिकामेच राहिले. त्याची कर्तव्ये इतर पुरोहित पार पाडत. त्या रिकाम्या जागेवर नेमण्यासाठी एकेकाळी एका कोवळ्या मुलाचे नाव पक्के झाले होते, आणि हुकूमशहा सुल्लाच्या राजवटीत ते त्याच्याकडून काढून घेतले गेले. तो मुलगा म्हणजे ज्युलियस सीझर. ती नेमणूक टिकली असती तर त्या पदाच्या कडक नियमांमुळे त्याला सेनापती होताच आले नसते, आणि प्रत्येक ईदुसला तो मेंढीमागून टेकडी चढत राहिला असता.

दूरदेशी

मी युरोपात राहतो आणि दोन वर्षांपूर्वी रोमला गेलो असताना सीझरच्या खुनाची आणि अॅना पेरेनाची अशा दोन्ही जागा पायी फिरून पाहिल्या, त्याबद्दल लिहितो.

पॉम्पेच्या सभागृहाचे अवशेष लार्गो दि तोर्रे आर्जेंतिना या चौकात आहेत. ट्राम आणि बस यांच्या गर्दीत रस्त्याच्या पातळीखाली चार मंदिरांचा एक मोठा खड्डा आहे. १९२० च्या दशकात तिथे उत्खनन झाले. पूर्वी वरच्या कठड्यावरून डोकावून पाहावे लागे, २०२३ पासून खाली बांधलेल्या वाटेवरून चालत जाता येते. तिथल्या मांजरांची वस्ती प्रसिद्ध आहे आणि खांबांच्या पायथ्याशी ती निवांत पहुडलेली असतात. चारांपैकी एक मंदिर गोल आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला, आधुनिक रस्त्याच्या भिंतीला टेकून, तपकिरी दगडाचा एक जाड चौथरा दिसतो. तोच सभागृहाचा पाया. सीझरला मारले गेले तिथे नंतर उभारलेले बांधकाम आपल्याला सापडले असे २०१२ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी जाहीर केले होते. त्यावर मतभेद आहेत. कॅसियस डिओ म्हणतो की त्या सभागृहाचे पुढे शौचालय करण्यात आले, आणि तिथेच बाजूला एका मोठ्या सार्वजनिक शौचालयाचे अवशेष आजही पाहता येतात.

त्या गोल मंदिराच्या देवतेचे नाव फलकावर वाचून मी तिथेच थबकलो. ते 'आजच्या दिवसाच्या भाग्यदेवते'चे मंदिर मानले जाते. इ.स.पू. १०१ मधल्या एका विजयाच्या दिवशी बोललेला नवस फेडण्यासाठी ते बांधले होते. सभागृह या मंदिराच्या अगदी पाठीला होते.

दुसरी जागा तिथून उत्तरेला, पारिओली या श्रीमंत वस्तीत आहे. १९९९ मध्ये पिआत्सा एउक्लिदे इथे जमिनीखालच्या गाड्यांच्या तळासाठी खोदकाम चालू असताना अॅना पेरेनाचे कारंजे सापडले. त्यावरचे लेख देवीचे नाव स्पष्ट सांगतात आणि त्यांतला एक इ.स. १५६ चा आहे, म्हणजे सीझरच्या खुनाला दोनशे वर्षे होत आली तरी लोक तिच्याकडे येतच होते. पाण्याच्या टाकीत नाणी, दिवे आणि शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले शाप मिळाले. या वस्तू डायोक्लिशनच्या स्नानगृहांतल्या संग्रहालयात मांडल्या आहेत. त्यांत शिशाचे लहान डबे आहेत, एकात एक बसवलेले, आणि सर्वांत आतल्या डब्यात मेणकट पदार्थाची बोटभर उंचीची माणसाची आकृती, ज्याच्यावर शाप घालायचा होता त्याच्या नावाची.

काचेपलीकडच्या त्या डब्यांपुढे मी बराच वेळ उभा होतो. शेजारी त्याच टाकीतून काढलेले मातीचे दिवे ओळीने ठेवलेले होते.